सेकंड ड्युटी, २५ मार्च

लेबर रूममध्ये चौदा वर्षं काढली की ओरडण्याचे प्रकार पाठ होतात. कन्नडमधून "अव्वा", मराठीतून "आई गं", उर्दूतून "अम्मी", कोकणीतून "माय गे", आणि मग सगळ्या भाषांमधून एकच वाक्य, मी मरते आता. बेळगावात काम करायचं म्हणजे तीन-चार भाषांत "जोर लाव" म्हणता यायला पाहिजे, ते मला येतं. पण एवढ्या वर्षांत शेजारच्या बाईचा देव तिला काय सांगतो हे कधी विचारलं नव्हतं. ईदला शिरखुर्मा येतो, नाताळला आमच्याकडून करंज्या-दोदोल जातात, झालं, आम्हाला वाटायचं आम्ही एकमेकांना ओळखतो.

गोष्ट २०२५ ची. त्या वर्षी रमजान आणि आमचा लेन्ट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, जवळजवळ हातात हात घालून आले. पहिला रोजा २ मार्चला, लेन्ट सुरू होतो तो राखेचा बुधवार ५ मार्चला. मी चाळीस दिवस गोड सोडलं होतं, चहासुद्धा बिनसाखरेचा. २५ तारखेला मंगळवार, चोविसावा रोजा, माझी दोन ते आठ ड्युटी. आत पाऊल ठेवलं तर तीन नंबरच्या बेडवर नंदगडच्या बाजूची एक मुलगी, पहिलटकरीण, पहाटेपासून कळा सुरू, पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडून अडकलेली, ओठ कोरडे पडलेले, दोनदा उलटी झालेली. बरोबर तिची आई. आणि आईच्या हातात स्टीलचा एक डबा.

मी विचारलं, "चाची, हे काय?"

"खजूर हाय सिस्टर. तिला दोन द्यावं म्हणतो."

मी डबा काढून घेतला. हो, काढूनच घेतला, आता सांगताना लाज वाटते पण तसंच झालं. लेबरमध्ये तोंडातून काही द्यायचं नाही, असं माझ्या डोक्यात ट्रेनिंगपासून ठोकून बसवलंय, आणि त्यात मला वाटलं हे काहीतरी मंतरलेलं असणार, ताईत-बिईत असतात तसं. "इथं हे असलं काही चालत नाही" असं म्हणाले. चाची काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या गळ्याकडे बघितलं. गळ्यात माझं मरियामातेचं चांदीचं पदक. ड्युटीवर गळ्यात काही घालायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो मी चौदा वर्षं मोडतेय.

तीन वाजता डॉक्टर मॅडम राउंडला आल्या. पोरीकडे बघितलं, बाळाचे ठोके ऐकले, चांगले होते, पाणी स्वच्छ, बीपी नॉर्मल. म्हणाल्या, "हिला काहीतरी खायला द्या, अंगात ताकदच नाही, कळा कुठून येणार?" मी म्हटलं, "मॅडम, एनबीएम ठेवलंय ना?" म्हणजे तोंडातून काही नाही. तर त्या वैतागल्या. ज्या बाईला काही धोका नाही तिला लेबरमध्ये खायला-प्यायला द्यावं हे डब्ल्यूएचओनं २०१८ च्या गाइडलाइनमध्येच सांगितलंय, आपण अजून जुन्याच पाटीवर गिरवतोय, असं म्हणाल्या. मग डबा बघून हसल्या. जॉर्डनमध्ये एक छोटा अभ्यास झाला होता म्हणे, २०११ मध्ये छापून आला, शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्लेल्या ६९ बायकांचा, त्यांची डिलिव्हरी जरा सोपी गेली असं त्यात दिसलं. "छोटा आहे, त्यावर उड्या मारू नका, पण साखर तरी जाईल पोटात."

मग काय, मीच काढून घेतलेला डबा मीच परत नेऊन दिला. चाचींनी बिया काढून एक-एक तुकडा पोरीच्या तोंडात घातला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूहळू काहीतरी म्हणायला लागल्या. अरबी. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मधूनच एक शब्द कळला. मरियम. मग परत. मरियम.

मी कळा वाढवायच्या ऑक्सिटोसिनच्या ड्रिपचे थेंब मोजत होते, मोजणंच चुकलं.

"चाची, मरियम म्हणजे आमची?"

"तुमची आन आमची वेगळी हाय काय बाई?" असं म्हणून त्या परत पुटपुटायला लागल्या.

मला राहवेना. दोन कळांच्या मध्ये, पोरीची कंबर चोळता चोळता मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या, मोडक्या मराठीत, मध्येच उर्दू, एखादा कन्नड शब्द. कुराणात एकोणिसावी सूरा, म्हणजे अध्याय, आहे, नावच मरियम, ९८ आयतींची, म्हणजे ओळींची. अख्ख्या कुराणात नाव घेऊन उल्लेख असलेली बाई ती एकटीच. आणि त्या सूरेत तिची डिलिव्हरी आहे. नाताळची गोष्ट नव्हे हो, डिलिव्हरी. ती एकटी, लोकांपासून लांब गेलेली, कळा येतात तशी खजुराच्या झाडाच्या बुंध्याला धरते आणि म्हणते, याच्या आधीच मेले असते तर बरं झालं असतं, लोक मला विसरून गेले असते तर बरं झालं असतं. मग खालून आवाज येतो, दुःख करू नको, तुझ्या पायाशी झरा वाहतोय, बुंधा हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी, डोळे थंड कर. म्हणून डब्यात खजूर होते, मंतरलेले-बिंतरलेले काही नव्हते.

तेवढ्यात तीन नंबरची पोरगी किंचाळली, "अम्मी, मैं मर जाती!"

आता इथं मला जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्या चर्चमध्ये मरियामाता निळ्या झग्यात, हात जोडून, तोंडावर शांत हसू. माझा बाप नाताळची गव्हाणी करायचा, दरवर्षी मॉस आणि भाताचं रोप लावून, त्यातही ती हसतच बसलेली, केस विंचरलेले, जशी काही आत्ताच बाजारातून आली. लूकच्या शुभवर्तमानात एका ओळीत आवरलंय, पुत्राला जन्म दिला, बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं. आणि आमच्याकडे तर तिला कळा झाल्याच नाहीत असं मानणारी जुनी परंपरा आहे. मी स्वतः हजारो डिलिव्हऱ्यांना उभी राहिलेली बाई, दर डिसेंबरला त्या गव्हाणीपुढे गुडघे टेकलेली, पण ही बाई ओरडली असेल, कशाला तरी घट्ट धरून बसली असेल, मेले तर बरं म्हणाली असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ते मला नंदगडच्या एका मुसलमान बाईनं सांगितलं, तेही तिचा डबा हिसकावून घेतल्यावर.

पावणेसहाला डायलेटेशन पूर्ण, म्हणजे तोंड पूर्ण उघडलं. पुढचा अर्धा तास नेहमीचाच, घाम, आरडाओरडा, मॅडमचा आवाज. सव्वासहाला मुलगी झाली, २ किलो ९००, आल्या आल्या बोंबलली. प्लासेंटा, म्हणजे वार, पूर्ण, रक्तस्राव बेताचा, दोन टाके.

मग तहनीकचा विषय निघाला. नवजात बाळाच्या टाळूला चावून मऊ केलेला खजूर लावायची त्यांच्यात रीत आहे, पैगंबरांपासूनची. मी परत आडवी आले, पण यावेळी आवाज चढवला नाही. जंतुसंसर्गाचं सांगितलं, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हे सांगितलं. चाची थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या, कुराणात आईनं दोन वर्षं पुरी पाजावी असं लिहिलंय, दुधाला आम्ही कुठं नाही म्हणतो? आन तहनीक काय फर्ज न्हाई, म्हंजे सक्तीचं न्हाई. मी मनात म्हटलं हे वाक्य मला चौदा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर वॉर्डातली किती भांडणं वाचली असती. अजानीला अर्थात काहीच हरकत नव्हती, बाळाला गुंडाळून दाराशी नेलं, आजोबांनी उजव्या कानात हळू आवाजात अजान दिली. हे आजोबा उर्दू शाळेतून रिटायर झालेले सर, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध.

पावणेसातच्या आत-बाहेर इफ्तार झाला, कॉरिडॉरमधल्या बाकावर, पाण्याची बाटली, केळी आणि तोच डबा. चाचींनी एक खजूर माझ्या हातावर ठेवला. मी गोड सोडलंय असं म्हणणार होते, तेवढ्यात तारीख आठवली. २५ मार्च. देवदूतानं मरियेला निरोप दिला तो सण, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. लेन्टमध्ये आला तरी हा मोठा सण, त्या दिवशी उपासाला सूट असते. सकाळी मिस्सा चुकली होती ड्युटीच्या गडबडीत, आणि सण असा लेबर रूममध्ये चालत आला. खाल्ला. वीस दिवसांनी तोंडात गोड गेलं, डोळ्यांत पाणी आलं, मास्क होता म्हणून बरं.

सरांना मी म्हटलं की बघा, किती सारखं आहे आपलं. त्यांनी मान हलवली, होय पण नाही अशी. मग गोष्ट सांगितली. मक्केत छळ व्हायला लागला तेव्हा, इसवी सन ६१५ च्या सुमाराला, काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, गेले, तिथला राजा नजाशी ख्रिस्ती. मक्केवाले मागोमाग आले, आमची माणसं परत द्या म्हणून. राजानं विचारलं तुमच्या पैगंबरानं काय आणलंय ते ऐकवा, तर जाफर नावाच्या माणसानं हीच मरियमची सूरा म्हटली, आणि राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ईसांबद्दल, म्हणजे आमच्या येशूबद्दल, विचारल्यावरही जाफरनं खरं तेच सांगितलं. राजानं जमिनीवरची काडी उचलली आणि म्हणाला, तुम्ही जे सांगितलंत आणि ईसा जे आहेत यांत या काडीएवढाही फरक नाही. माणसं काही परत दिली नाहीत.

सरांनी खरंच कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी हातात घेतली होती. "राजा म्हणाला काडीएवढाही नाही. पण सिस्टर, मला विचाराल तर फरक आहे, आणि मोठा आहे. तुम्ही ईसांना देवाचा पुत्र म्हणता, आम्ही पैगंबर म्हणतो. तुम्ही म्हणता क्रुसावर मेले, कुराण म्हणतं मेले नाहीत, अल्लाहनं उचलून घेतलं."

मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. गुड फ्रायडे तीन आठवड्यांवर होता. म्हटलं, "सर, क्रूस काढला तर आमच्याकडे काही उरतच नाही."

"तेच म्हणतोय मी. जाफरनं राजाला खूश करायला काही बदललं नाही, म्हणून ती गोष्ट मला आवडते." मग लगेच, "केळं घ्या."

नंतर फादरना हे सगळं सांगितलं. त्यांनी व्हॅटिकनच्या १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राचं एक पान झेरॉक्स करून दिलं, मुसलमान मरियेचा मान राखतात हे त्यात सरळ लिहिलंय. माझ्या जन्माच्या आधीचं, आणि मला आता कळतंय. लेबनानमध्ये तर २०१० पासून २५ मार्चला दोन्ही धर्मांची मिळून सरकारी सुट्टी असते, आमच्या इथं मार्च एंडचं स्टॉक चेकिंग असतं.

डिस्चार्जच्या दिवशी सरांनी कुराणाचा मराठी अनुवाद आणून दिला. रात्री दोन-दोन पानं वाचत गेले. एकोणिसावी सूरा दोनदा वाचली, चौथ्या सूरेत क्रुसाचं येतं तिथं अडकले, मिटून ठेवलं, चार दिवसांनी परत उघडलं. अडेल तिथं प्रश्न लिहायचे म्हणून इंजेक्शनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला, त्यावर सात प्रश्न झाले.

मेच्या पहिल्या आठवड्यात बाळ सहा आठवड्यांच्या लसीला आलं. पोरगी टुणटुणीत, चाचींच्या हातात परत तोच डबा. सर आल्या आल्या म्हणाले, "तुमचे पोप गेले, पेपरात वाचलं. वाईट वाटलं." मी थँक्यू म्हणून पुठ्ठा काढला. तर सरांनीही झब्ब्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. पहिलाच प्रश्न, एक देव आणि तीन व्यक्ती म्हणजे नक्की काय.

मागं बावीस बाळांची लाइन, त्यातली निम्मी रडायलेली.

म्हटलं, "सर, याला वेळ लागणार. तुम्ही बसा तिथं बाकावर, मी आधी ही इंजेक्शनं उरकते."