संवाद दोनदा ऐकू येतात ती जागा

धानाची चुरणी आटोपून हाती चार पैसे आले की आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावोगावच्या पानठेल्यांवर नाटकांची पोस्टरे झळकू लागतात. कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘लावणीसह’ असे लिहिलेले असते आणि मधोमध नायिका डोळ्यांत पाणी आणून उभी असते. दिवाळीनंतरच्या मंडई नावाच्या जत्रेपासून होळीच्या आसपासपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीचा हा हंगाम चालतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात त्याची जेवढी वाट पाहिली जाते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची पाहिली जात असेल. मी स्वतः नाटकातला कोणी नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना ओळी पाठ करून घेण्यापलीकडे माझा रंगभूमीशी संबंध आला नाही. तरीही गेली काही वर्षे प्रत्येक हंगामात आठ-दहा नाटके पाहण्याचा नेम मी जपला आहे, आणि यंदा त्यातली बहुतेक मी एका ठरावीक जागेवरून पाहिली.

ती जागा म्हणजे रंगमंचाच्या उजव्या हाताला, पहिल्या रांगेच्याही टोकाला, जिथून विंगेच्या फटीतून नटांना संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरची वही आणि तिच्यावर धरलेला बॅटरीचा उजेड दिसतो. या जागेवर बसायला कोणी उत्सुक नसते, कारण तिथून रंगमंचाचा अर्धा पडदा झाकला जातो आणि ऑक्टोपॅडचा भोंगा थेट कानाशी येतो. आमच्या शेजारचे काकाजी, ज्यांच्या फटफटीवर मागे बसून मी या नाटकांना जातो, ते मधल्या भागात तणस पसरून त्यावर ब्लँकेट टाकतात आणि मला पुढे जाताना पाहून दर वेळी विचारतात, “काहून जी मास्तर, नाटक पाहाले आलात का आयकाले?”

त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पहिल्यांदा मी तिथे नाइलाजाने बसलो होतो, कारण उशिरा पोहोचल्यामुळे दुसरी जागा उरली नव्हती. थोड्याच वेळात लक्षात आले की प्रत्येक संवाद मला दोनदा ऐकू येतो आहे. आधी विंगेतून दबलेल्या, सपाट, घाईच्या आवाजात तो यायचा आणि मग क्षणभराने तोच संवाद नटाच्या तोंडून, रडू, संताप किंवा टोमणा लेवून बाहेर पडायचा. झाडीपट्टीतले नट हंगामात जवळजवळ रोज रात्री वेगळ्या गावी आणि पुष्कळदा वेगळ्या नाटकात उभे राहतात. तालमीला मिळणारा वेळ थोडा असतो, त्यामुळे प्रॉम्प्टरवाचून इथे पान हलत नाही. शहरातल्या रसिकाला ही उणीव वाटेल, मलाही सुरुवातीला तशीच वाटली होती. पण चांगला नट या उणिवेचे काय करतो हे पाहणे हाच आता माझा मुख्य छंद झाला आहे.

कच्चा नट प्रॉम्प्टरच्या आवाजाची वाट पाहत विंगेकडे कान टवकारतो, आणि मग नायिकेशी बोलताना त्याची मान अकारण उजवीकडे वळते. मुरलेला नट मात्र त्या अर्ध्या क्षणात उपरण्याचे टोक झटकतो, पाण्याचा तांब्या उचलतो किंवा समोरच्या पात्राकडे नुसता रोखून पाहतो. प्रेक्षकाला वाटते की हा विचार करतो आहे. वस्तुतः तो ऐकत असतो. यंदा वैनगंगेकाठच्या एका गावात सासऱ्याची भूमिका करणाऱ्या एका वयस्कर नटाने मुलीचा हुंडा परत मागण्याच्या प्रसंगात खिशातला चष्मा काढून, तो धोतराच्या सोग्याने पुसून, डोळ्यांवर चढवला आणि मग वाक्य उच्चारले. पुसण्याच्या त्या वेळात प्रॉम्प्टरने ते वाक्य दोनदा सांगितले होते. मांडवात बसलेल्या बायकांनी तेवढ्यात पदर डोळ्यांना लावले होते.

या नाटकांचे माहेरघर वडसा, म्हणजे सरकारी नोंदीतले देसाईगंज. ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की ते लागते. रेल्वेचे स्टेशन आणि धानाची मोठी बाजारपेठ असल्याने चारही जिल्ह्यांतून तिथे येणे सोयीचे, म्हणून नाट्यमंडळांनी आपली कार्यालये तिथेच थाटली आहेत. गावातल्या मंडळाची मंडळी तिथे जाऊन नाटक ठरवतात, रक्कम बोलतात, विसार देतात आणि कोणत्या नटीच्या नावावर तिकिटे खपतील याचा तिथेच खल करतात.

पूर्वी, आणि पुष्कळ गावांत आजही, नाटकाला शंकरपटाची जोड असते. दिवसभर बैलजोड्या धावतात, त्यासाठी आसपासच्या गावांतून पाहुणे येतात, घरोघरी चुली विझत नाहीत, आणि रात्री तेच पाहुणे नाटकाला बसतात. या गर्दीतच सोयरिकी जुळतात. मुलीकडचे आणि मुलाकडचे एकमेकांना न सांगता एकमेकांना न्याहाळून घेतात, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणूनच 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा काकाजींना बैलांइतकीच नाटकांचीही काळजी लागली होती, कारण पट नाही तर पाहुणा नाही आणि पाहुणा नाही तर तिकीट नाही, असा त्यांचा हिशेब होता. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. बैलांना होणारा त्रास मला आजही खटकतो आणि त्यावर काकाजींशी माझे दर वर्षी वाजते; परंतु पटाची दानं, म्हणजे बैल धावण्याची वाट, आणि नाटकाचा मांडव एकाच शेतात पाहिल्यावर त्यांचा हिशेब खोटा म्हणवत नाही.

मध्यंतरी चंद्रपूरच्या प्रियदर्शिनी सभागृहातही मी एक प्रयोग पाहिला. प्रकाशयोजना नेटकी होती, प्रत्येक शब्द पाठ होता आणि खुर्ची मऊ होती. दीड तासात सगळे संपले आणि मी साडेनऊच्या सुमारास बसस्थानकावर उभा होतो. त्या वेळी आमच्याकडे नाटकाची नांदीही झालेली नसते.

प्रॉम्प्टरच्या जागेचे खरे मोल मला कळले ते पौष महिन्यातल्या एका रात्री. दुसरा अंक भरात असताना जनरेटर बंद पडला. रंगमंचावर खलनायक आणि विनोदी पात्र असे दोघेच होते आणि प्रॉम्प्टरच्या बॅटरीनेही नेमकी तेव्हाच मान टाकली. विंगेतला आवाज थांबला, पाठोपाठ खलनायकही थांबला. अंधारात दोन-चार शिट्ट्या वाजल्या. मग विनोदी नटाने नाटकातली प्रमाण मराठी बाजूला ठेवून अस्सल झाडीबोलीत सुरुवात केली. ‘पाणी’चे ‘पानी’ झाले, ‘डोळा’चा ‘डोरा’ झाला, आणि खलनायकाच्या मिशीपासून गावच्या सोसायटीच्या खतापर्यंत त्याने कोणालाही सोडले नाही. दहा-बारा मिनिटे तो एकटाच बोलत होता. त्या बोलण्याला आधीचा सपाट आवाज नव्हता, ते मी पहिल्यांदाच एकदाच ऐकत होतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टीतले नट डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा विनोदी भूमिकांसाठी एवढा मोठा सन्मान कसा, असे एका शिक्षक मित्राने विचारले होते. त्या रात्री तो माझ्या शेजारी असायला हवा होता. उजेड परत आला तेव्हा खलनायक हसू आवरत विंगेकडे पाहत होता आणि प्रॉम्प्टर वहीची पाने उलटून आपण कुठे होतो ते शोधत होता.

तक्रारीही आहेत. लावण्या इतक्या लांबतात की कथानकाचा धागा सुटतो, ध्वनिव्यवस्था कर्कश असते, आणि अलीकडच्या बऱ्याच संहितांमध्ये सुनेच्या छळाचे तेच ते प्रसंग उचलून ठेवलेले दिसतात. खडी गंमत आणि दंडार या इथल्या जुन्या लोककलांना पूर्वी जो मान होता तो आता मोठ्या मांडवाच्या नाटकांनी खाल्ला, याचीही मला खंत वाटते. तरी तिकीट काढताना यातले काही आठवत नाही, हेही खरे.

त्या रात्रीचे नाटक पहाटे पाचला संपले. थंडी मी म्हणत होती. चहाच्या ठेल्यावर मफलर गुंडाळलेला प्रॉम्प्टर माझ्याच शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याला ओळखले, त्याने मला ओळखण्याचे कारण नव्हते. सासऱ्याच्या चष्म्याची गोष्ट मी काढली, कारण ते नाटकही याच मंडळाचे होते. तो हसला आणि घोगऱ्या, बसलेल्या आवाजात म्हणाला, “ते बुवा ऐकूच येत नाही म्हणून चष्मा पुसतात. एका कानाने कमी ऐकतात ते.” मग त्याने दोन बोटे वर करून चहावाल्याला आणखी दोन कप सांगितले. काकाजी तोवर ब्लँकेटला चिकटलेले तणस झाडून फटफटीपाशी येऊन उभे होते.