आमची वाटचाल : मांजरीतली नर्सरी आणि सफरचंदाचं वेड

पुण्याजवळ सोलापूर रस्त्याला, मांजरीत, वडील कोबी-फ्लॉवरची आणि झेंडूची रोपं करायचे. आसपास फार्महाऊस वाढले तशी अंजीर, पेरू, तुतीच्या कलमांना मागणी आली आणि धंदा तिकडे वळला. मग सिमला-मनाली करून आलेली मंडळी सफरचंद मागू लागली.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "थंडीत टिकेल ना?" पुण्यातला नीचांक १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चा. सफरचंद त्याहून कितीतरी कडक थंडी अंगावर घेतं. अडचण उलटी आहे. रेड डिलिशससारख्या वाणाला सात अंशांखालची थंडी साधारण हजार तास लागते, तेव्हा कुठे फांदीवरचे डोळे नीट फुटतात. आपल्याकडे अशी थंडी मिळते ती मोजक्या पहाटी. झाड मजेत जगतं, फुलायचं नाव घेत नाही.

म्हणून आम्ही कमी थंडीचेच वाण ठेवतो : ॲना, डोरसेट गोल्डन आणि हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांचं एचआरएमएन-९९. ॲना एकटी नेऊ नका, परागीभवनाला शेजारी डोरसेट हवं. इथे पानं आपणहून पुरती गळत नाहीत. डिसेंबरअखेर पाणी कमी करून ती हातानं काढावी लागतात, देठाजवळचा डोळा सांभाळून.

गिऱ्हाइकाला आम्ही आधी बाग कुठे आहे ते विचारतो. थंड हवा जड, ती सखल भागात साचते. पाषाण, एनडीएकडे पहाटे हुडहुडी भरते तेव्हा लवळ्याच्या टेकडीवर आणि मगरपट्ट्यात पारा बराच वर असतो. सखल बागेत केळी-पपई हिवाळ्यात रुसतात. तिथे अंजीर, डाळिंब आणि तुती लावा. तुतीवर माझा विशेष जीव. छाटली की नव्या फुटीबरोबर पानांच्या बेचक्यात हिरवी फळं दिसू लागतात. कुंपणाला करवंद, त्याला ना थंडीचं कौतुक ना उन्हाचं.

पेरूत आम्ही सरदारच देतो. त्याचं जुनं नाव लखनौ-४९, पण निवड झाली आपल्या गणेशखिंडीत, १९२७ मध्ये. थंडीतल्या फळाची गोडी पावसाळी फळाला येत नाही.

ब्लूबेरी मात्र ठेवत नाही. तिला आम्लधर्मी माती लागते आणि आपल्याकडची बरीचशी जमीन चुनखडीची. कुंडीत माती-पाणी दोन्ही सांभाळायची तयारी असेल, तरच ऑर्डर घेऊन मागवतो.