बांध सरकवताना

पाच वर्षांपूर्वी विंडोजच्या शेजारी उबंटू ही लिनक्स प्रणाली बसवताना त्याला ५० जीबी पुरेसे होतील असा माझा होरा होता आणि तो साफ चुकला. ५०० जीबीच्या डिस्कवर (विंडोजच्या मोजमापाने ४६५) उबंटूपाशी जेमतेम चार जीबी उरले होते, तर शेजारच्या सी ड्राइव्हमध्ये १९० जीबी नुसते पडून होते. गेल्या रविवारी दोघांमधला हा बांध सरकवायचे ठरवले.

कागदपत्रे आणि छायाचित्रे आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली; त्याशिवाय या कामाला हात लावूच नये.

विंडोजचे पार्टिशन (डिस्कवर त्याला आखून दिलेला भाग) विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करणे मला अधिक सुरक्षित वाटते. तेथे 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडले, तर १९० जीबी मोकळे असूनही केवळ ११ जीबी सोडण्याची तयारी दिसली. पार्टिशन उजव्या टोकाकडून आक्रसते, आणि पेजफाइल, हायबरनेशनची फाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरचा साठा यांसारख्या चालू विंडोजला हलवता न येणाऱ्या फायली जेथे बसलेल्या असतात, तेथेच ते अडते. त्यांच्या अलीकडे कितीही जागा रिकामी असली तरी ती हिशेबात येत नाही. या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तोच आकडा ९२ जीबीवर गेला. मी ८० जीबी घेतले, म्हणजे त्या चौकटीत ८१९२० लिहिले, कारण ती एमबीमध्ये विचारते. हायबरनेशन बंद केल्याने 'फास्ट स्टार्टअप'ही बंद होते, हा आणखी एक लाभ; एरवी 'शट डाउन' केलेले विंडोज प्रत्यक्षात अर्धवट झोपलेले असते आणि अशा अवस्थेतील त्याच्या पार्टिशनला लिनक्समधून हात लावणे धोक्याचे ठरते.

खरी अडचण पुढे होती. मोकळी झालेली जागा उबंटूच्या डाव्या बाजूला आली होती. ती उजवीकडे असती तर उबंटू चालू असतानाच त्याचे ईएक्सटी४ (लिनक्सची फायली मांडण्याची पद्धत) पार्टिशन काही सेकंदांत वाढवता आले असते. डावीकडे वाढवायचे म्हणजे पार्टिशनचा आरंभच मागे न्यायचा, आणि त्यासाठी आतील ४६ जीबी मजकूर उचलून नव्या जागी मांडायचा. (माझ्या डिस्कवर विंडोजचे रिकव्हरी पार्टिशन अगदी सुरुवातीला आहे, ते या दोहोंच्या मध्ये असते तर तेही हलवावे लागले असते.) त्यामुळे पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबंटू (डिस्कवर न बसवता चालणारे) सुरू केले, त्यातील जीपार्टेड या पार्टिशने बदलण्याच्या साधनात उबंटूच्या पट्टीची डावी कड ओढून सी ड्राइव्हला भिडवली आणि हिरव्या खुणेवर टिचकी मारली. पार्टिशन हलवल्यास प्रणाली सुरू न होण्याची शक्यता आहे, असा इशारा आला, तो स्वीकारला. पुढचा दीड तास मी चार्जरची वायर पुन्हापुन्हा चाचपण्याखेरीज काहीही केले नाही, कारण बॅटरी जुनी आहे आणि या टप्प्यावर वीज गेली तर अर्धा मजकूर जुन्या जागी व अर्धा नव्या जागी राहतो.

यंत्र सुरू होताना कोणती प्रणाली हवी ते विचारणाऱ्या ग्रबची यादी नेहमीसारखी उमटली. ग्रब पार्टिशनला यूयूआयडी या ओळखक्रमांकावरून ओळखतो आणि हलवाहलवीत हा क्रमांक बदलत नाही. उबंटूच्या वाट्याला आता १३० जीबी आहेत.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र हे पार्टिशन अजूनही बिननावाचे दिसते, आणि त्यावर उजवी टिचकी मारल्यास कामाचा एकच पर्याय उघडा असतो: 'डिलीट व्हॉल्यूम'. घरातील इतर मंडळी हाच लॅपटॉप वापरतात, म्हणून त्यांची खाती त्याच संध्याकाळी ॲडमिनिस्ट्रेटरवरून साध्या वापरकर्त्याची केली.