नवीन बॅटरी घेण्याआधी

"बॅटरी गेली, नवीन टाका." आज गॅरेजात एका पोराला मीटर न लावताच हा निकाल मिळाला. तक्रार एवढीच की बाईक आठवडाभर उभी राहिली की सेल्फ घेत नाही. आणि हँडलवरच्या मोबाईल चार्जरचा निळा दिवा किल्ली काढल्यावरही जळत होता!

बाईक बंद असतानाही बॅटरीतून करंट गळतोय का, ते आधी मोजा. किल्ली बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. ती वायर आणि निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडा, आधी १० अँपिअरच्या रेंजवर. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

साध्या गाडीत १-२ मिलिअँपिअर दिसलं तर ठीक. २० दिसलं तर ५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी दहा दिवसांत रिकामी. सेल्फ त्याच्या बराच आधी मान टाकतो.

मग एकेक फ्यूज काढत जा. आकडा जिथे पडेल, चोर त्याच लाईनवर. फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरी बघा: चार्जर, जीपीएस, अलार्म. तिथेही नसेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून पाहा. हा पार्ट लीक होतो हे बरेच जण विसरतात.

गळती कुठेच नाही, पण भरलेली बॅटरी वायर काढून ठेवल्यावरही रात्रीत १२.७ वरून १२.३ व्होल्टवर येते? मग खुशाल बदला.

तुमच्या चार्जरची वायर कुठून घेतलीय, किल्लीच्या लाईनवरून की थेट बॅटरीवरून?