लिनक्स फुकट मिळतं, मग पैसे कुणाला द्यायचे?

विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि बऱ्याच जणांनी धडधाकट लॅपटॉप भंगारात घालण्यापेक्षा त्यावर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टम टाकली. तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतो: सगळं फुकट उतरवून घेता येतं, तर डोनेशनचं बटण कशासाठी? आणि द्यायचेच झाले तर कुणाला, किती?

कायद्याने एक रुपयाही देणं लागत नाही. दुसरीकडे, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखालचं सॉफ्टवेअर विकायलाही कुणाची हरकत नाही. घेणाऱ्याला सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) आणि तो पुढे वाटायची मोकळीक मिळाली पाहिजे, ही मुख्य अट. चित्रं काढायचं क्रिता त्यांच्या साइटवर मोफत आहे आणि स्टीम या ऑनलाइन दुकानात तेच विकत मिळतं. तिथे पैसे मोजणारा फसत नाही, ते डेव्हलपमेंटला लागतात. फसतो तो चार-पाचशे रुपयांत विंडोजची 'लाइफटाइम' की घेणारा. अशा कित्येक कीज एखाद्या कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधून (अनेक संगणकांसाठी घेतलेल्या एकगठ्ठा परवान्यातून) बाहेर आलेल्या असतात आणि पुढे कधीतरी ब्लॉक होतात. गंमत म्हणजे तिथे खिशात हात घालताना कुणी विचार करत नाही.

माझं मत विचाराल तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तुमच्या पाचशे रुपयांची गरज नाही. इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी लोक त्यावर काम करतात, कारण त्यांचा धंदाच त्यावर उभा आहे. पैसे तिथे द्यावेत, जिथे कुठल्याच मोठ्या कंपनीचं घोडं अडलेलं दिसत नाही.

एक्सझेडचं प्रकरण आठवा. फायली दाबून लहान करणारं हे छोटं सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आणि लासे कोलिन हा एकटा माणूस ते बिनपगारी सांभाळत होता. 'जिया टॅन' नावाच्या खात्याने दोनेक वर्षं पॅचेस (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवून त्याचा विश्वास मिळवला, ते सॉफ्टवेअर सांभाळण्यात भागीदार झालं आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. डेबियन, फेडोरासारख्या लिनक्समध्ये तेव्हा एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम) सिस्टमडी या सिस्टम चालवणाऱ्या भागामार्फत एक्सझेडच्याच लायब्ररीला जोडलेला होता, म्हणजे दरवाजा थेट सर्व्हरच्या कुलपापाशी उघडत होता. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खोदताना आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला तो सापडला आणि 29 मार्च 2024ला त्याने तो जाहीर केला. पैशाने हे हमखास टळलं असतं असं म्हणणार नाही. पण दमलेल्या एकट्या माणसाशेजारी दुसरा जाणकार पगारावर बसलेला असता, तर असं खातं आत शिरणं अवघड झालं असतं.

देण्याआधी पैसे कुणाच्या गल्ल्यात पडतात ते बघा. मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी फायरफॉक्सच्या कामाला जात नाही. फायरफॉक्स मोझिला कॉर्पोरेशन बनवतं आणि त्याचा खर्च मुख्यतः गूगलच्या सर्च करारातून निघतो. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅमचं उलट आहे: ते वापरणाऱ्यांच्या देणग्यांवरच चालतं. तुमचे ईमेल त्यात येत असतील तर तिथे द्या.

आता बँकेची भानगड. 2020पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. 'दरमहा'चा पर्याय निवडलात तर ई-मँडेटच्या (खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीच्या) नियमांत पेमेंट पुष्कळदा अडकतं, म्हणून वर्षातून एकदाच एकरकमी द्या. वर फॉरेक्स मार्कअप (परकी चलन बदलण्याचं बँकेचं शुल्क) आणि त्यावर जीएसटी लागतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट नाही. पाच संगणकांचं ऑफिस असेल तर यंत्रामागे महिना 200 धरा, वर्षाचे 12,000 होतात. ते दहा ठिकाणी चिमूटचिमूट वाटू नका, दोन ठिकाणी द्या. नाहीतर पेमेंटच्या शुल्कातच बरंचसं जातं.

पैसे नसतील तर नीट लिहिलेली बगची (सॉफ्टवेअरमधल्या चुकीची) तक्रार द्या, मराठीची तर नक्कीच. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह). दिसायला दोन्ही सारखे, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला की सापडत नाही. काही फॉन्टांत तर तो रफार होऊन 'दुसर्या' असा उमटतो. तक्रारीत सॉफ्टवेअरची आवृत्ती, फॉन्टचं नाव, कीबोर्ड लेआउट, एक ओळ असलेली फाइल आणि दोन चित्रं जोडा: आत्ता दिसतं ते, आणि दिसायला हवं ते. मजकूर इंग्रजीत लिहा. चूक फॉन्टची असेल तर तक्रार फॉन्ट बनवणाऱ्याकडे जाते, लिबरऑफिससारखा लेखनाचा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडे नाही. म्हणून आधी तीच ओळ मुक्ता किंवा लोहित देवनागरी या फॉन्टांत टाकून बघा.