६६ टक्के हेट

लेक सातवीत असताना तिला घरात प्राणी हवा झाला. कुत्र्यामांजरांच्या केसांनी बायकोला शिंका सुटतात, आणि मासे मुलीला नको होते, कारण 'ते आपल्याकडे बघत नाहीत'. साप बघतो असं तिला कुणी सांगितलं कोण जाणे. आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. तिथल्या सरीसृपांच्या एका प्रदर्शनातून एका शनिवारी आम्ही बुटाच्या खोक्याएवढा डबा घेऊन घरी आलो.

आत कॉर्न स्नेक होती. आपल्याकडच्या धामण-तस्करांच्या कुळातला, अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप. रानातला असतो तपकिरी-नारिंगी, लाल ठिपक्यांना काळी किनार असलेला. आमची मात्र 'एमेल' होती, म्हणजे अमेलनिस्टिक: अंगात काळं रंगद्रव्य मुळीच नाही, नुसता केशरी आणि पांढरा रंग, डोळे लाल. नाव केशर ठेवलं. व्हिडिओ कॉलवर आईनं तिला पाहिलं आणि नागपंचमीला दुधाचं काय करता एवढंच विचारलं. आमचं गाव इस्लामपूर, आताचं ईश्वरपूर, शेजारीच बत्तीस शिराळा, त्यामुळे साप ही बाब आईला तितकी परकी नाही. भारतात घरात देशी साप ठेवला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पकडतील, हे सांगितल्यावर मात्र तिनं हा विषय नातेवाइकांसमोर काढायचा नाही असं ठरवलं.

काही महिन्यांनी नर आणला. पेन्सिलीएवढं करडं पिल्लू. राखेसारखा रंग, म्हणून आईनंच नाव सुचवलं, राखुंडी. डब्यावर चिठ्ठी होती: 'अॅनेरी, ६६ टक्के हेट एमेल'. अॅनेरी म्हणजे लाल रंग न बनवणारा. केशरच्या चिठ्ठीवर होतं: 'एमेल, हेट अॅनेरी'.

आता खरं सांगतो. मी संगणकावर आकडे हलवून पोट भरतो, तरी त्या ६६ टक्क्यांचा अर्थ मी असा लावला की या सापात दोन तृतीयांश केशरीपणा आहे आणि मोठा झाला की थोडा थोडा बाहेर येईल. विकणाऱ्यानं मान डोलावली. बहुधा त्याला माझं इंग्रजी कळलं नसावं, किंवा त्याला दुपारचं जेवायचं असावं.

लेकीला मात्र 'स्नो' हवा होता: काळा आणि लाल दोन्ही रंग गेलेला, गुलाबीसर पांढरा साप. तो विकत मिळत होता, पण तिला घरी अंड्यातून निघालेला हवा होता. म्हणून आम्ही दोघं अभ्यासाला बसलो. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. त्यामुळे 'डॉमिनंट-रिसेसिव्ह' वाचताना डोक्यात 'प्रभावी-अप्रभावी' वाजायचं आणि वाटाण्याच्या शेंगांचं चित्र दिसायचं. मेंडेलचे आकडे मला शाळेत पाठ होते: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तीनास एक. मार्क मिळाले होते, अर्थ लागला नव्हता.

अर्थ लागला तो नळाच्या गोष्टीनं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. घराला पाण्याच्या दोन जोडण्या आहेत असं समजा. एक तुटली तरी दुसरीनं टाकी भरते, बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. दोन्ही तुटल्या तरच घर कोरडं. एमेल सापात काळा रंग तयार करायला लागणारं जे जनुक बिघडलेलं असतं त्याचं नाव ओसीए-२. तिथे मध्येच डीएनएचा एक उडता तुकडा घुसून बसलाय, हे २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी दाखवलं. एक प्रत धड असली तर साप दिसायला अगदी साधा. असा साप म्हणजे 'हेट', आपल्या भाषेत वाहक.

एमेलच्या बाबतीत हे सगळं तपासून पाहिलं ते बेक्टेल नावाच्या डॉक्टरांनी. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एक एमेल नर सापडला होता. तो त्यांनी साध्या माद्यांना लावला. पहिल्या पिढीत सगळी पिल्लं साधी. त्या पिल्लांची पुन्हा आपसांत जोडी लावली तेव्हा १९६१ मध्ये केशरी पिल्लं निघाली. म्हणजे रंग गेला नव्हता, एक पिढी दबा धरून बसला होता.

मग ६६ टक्के कुठून आले? दोन वाहकांची पिल्लं काढा. चारात एक केशरी, दोन वाहक, एक पूर्ण स्वच्छ. केशरी ओळखू येतो, तो बाजूला काढला. उरले तीन, दिसायला तिन्ही सारखे. त्यांतले दोन वाहक. म्हणून हातात आलेलं कुठलंही पिल्लू वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. बास, एवढंच. सापाच्या अंगात सहासष्ट टक्के काहीच नसतं. साप एक तर वाहक असतो किंवा नसतो. टक्के आपल्या अज्ञानाचे, सापाचे नाहीत. हे मला कळायला दोन संध्याकाळी आणि एका लग्नपत्रिकेच्या पाकिटाची मागची बाजू लागली.

लेकीनं पेन खाली ठेवून विचारलं, "आईला थॅलेसेमिया मायनर आहे ना? मग मी ५० टक्के हेट?"

मी गप्प झालो. मायनर म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची नुसती वाहक. बायको गरोदर असताना पुण्यात रक्ताच्या तपासणीत ते निघालं होतं. डॉक्टरांनी लगेच माझंही रक्त घेतलं, माझं स्वच्छ आलं, आणि 'काही काळजी नाही' म्हणून आम्ही फाइल बंद केली. दोघंही वाहक असतो तर दर बाळंतपणात चारात एक धोका होता, हे आम्हाला तेव्हा सांगितलं गेलं होतं, पण मी ते 'टळलं' एवढंच ऐकलं. मुलीबद्दल कधी विचारच केला नाही. आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत होती. दबलेल्या प्रती एकमेकींना गाठतात त्या अशाच घरांत, हेही त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. पुढच्या वार्षिक तपासणीत लेकीचं रक्त तपासून घेतलं. वाहक निघाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "म्हणजे ५० नव्हे, १००," म्हणाली आणि फ्रीजरकडे गेली. राखुंडीच्या जेवणाची वेळ झाली होती. गोठवलेल्या उंदरांसाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर आहे, ही बायकोची अट. घरच्या फ्रीजरमध्ये ओलं खोबरं असतं.

२०२२ च्या वसंतात जोडी लावली. हा छंद असणाऱ्या लोकांत एक ठोकताळा आहे: मादी तीन वर्षांची, तीन फुटांची, तीनशे ग्रॅमची हवी. केशर तिन्हीत बसत होती. आधी हिवाळ्यात दोघांना तळघरात थंड ठेवलं होतं. जूनमध्ये तिनं ओल्या शेवाळाच्या डब्यात १५ अंडी घातली. ती ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या भुग्यात, २८ अंशांवर. अंडी घातली तशीच ठेवायची, फिरवायची नाहीत, म्हणून लेकीनं प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण केली. दोन बुरशी येऊन गेली.

हिशेब मांडून ठेवला होता. केशर एमेल आणि अॅनेरीची वाहक. राखुंडी अॅनेरी आणि कदाचित एमेलचा वाहक. तर दर अंड्यामागे निम्मी शक्यता की पिल्लात लाल नसेल. राखुंडी खरोखर वाहक असला तर चारात एक स्नो. लेकीनं १३ अंड्यांतून तीन स्नो पकडले होते. मी तिला सांगितलं की दर अंडं म्हणजे नवा नाणेफेकीचा डाव, आधीच्या अंड्याची त्याला आठवण नसते. तिनं ऐकलं, पण तीन नावं ठरवून ठेवली.

साठाव्या दिवशी पहिलं अंडं चिरलं. लहानसं नाक बाहेर आलं आणि तसंच तासभर बसून राहिलं. दोन दिवसांत सगळी १३ बाहेर. सहा केशरी, सात साधी. करडं एकही नाही. पांढरं एकही नाही.

केशरी निघाली म्हणजे राखुंडीचे ६६ टक्के त्याच क्षणी १०० झाले, तो वाहक ठरला. पण लेक रडली. मी समजूत घालायला नशिबाचं काढलं, आणि मग स्वतःच गणित केलं. १३ मध्ये एकही स्नो नाही, हे शंभरात दोनदा-तीनदा घडू शकतं. वाईट नशीब म्हणून सोडून देता येईल. पण १३ मध्ये लाल नसलेलं एकही नाही? निम्म्याचा तेरा वेळा गुणाकार: ८,१९२ मध्ये एकदा. एवढं नशीब कुणाचं फुटत नाही. एक तर केशरची चिठ्ठी खोटी, किंवा राखुंडीची.

उत्तर नळाच्या गोष्टीतच होतं, मी ती अर्धीच समजलो होतो. टाकी कोरडी राहायला जोडणीच तुटायला हवी असं नाही. मोटर जळाली तरी कोरडी, व्हॉल्व्ह अडकला तरी कोरडी. बाहेरून दोन्ही घरं सारखीच तहानलेली. पण एका घराचा व्हॉल्व्ह आणि दुसऱ्या घराची मोटर एकत्र केली तर पाणी येतं. कॉर्न स्नेकमध्ये करडा रंग देणारी अशीच वेगवेगळी जनुकं आहेत. एक अॅनेरी. दुसरं चारकोल, ज्याची वंशावळ फ्लोरिडातल्या पाइन आयलंडपर्यंत जाते. पिल्लं असताना दोघांत फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. मोठं झाल्यावर अॅनेरीच्या गळ्यावर सहसा पिवळसर झाक येते, चारकोलच्या येत नाही. आम्ही राखुंडीला उचलून दिव्याखाली धरलं. गळा राखेसारखा, पिवळं काही नाही. तीन वर्षं रोज बघत होतो त्या गळ्याकडे.

विकणाऱ्याला निरोप पाठवला. त्यानं सभ्यपणे लिहिलं की असू शकेल, त्या वर्षी दोन्ही प्रकारची पिल्लं होती. पैसे परत मागावेत असं मला वाटलं नाही. बायकोला वाटलं.

पुरावा मात्र हवा होता. पुढच्या वर्षी ओळखीच्या एका बाईंकडे राखुंडीला महिनाभर पाठवला. त्यांच्याकडे पक्की अॅनेरी मादी होती, गळा पिवळा, आईबापांची नोंद असलेली. राखुंडी अॅनेरी असता तर सगळी पिल्लं करडी यायला हवी होती. एक साधं पिल्लूही पुरेसं होतं, आली ११ आणि अकराही साधी.

त्या बाईंनी एक गोष्ट सुचवली. केशर-राखुंडीची केशरी पिल्लं एमेल तर आहेतच, शिवाय बापाकडून चारकोलची एकेक प्रत सगळ्यांकडे आहे. त्यांतला एक नर आणि एक मादी वाढवून जोडी लावली तर चारात एक पिल्लू 'ब्लिझर्ड' येईल, एमेल आणि चारकोल एकत्र, स्नोपेक्षाही पांढरं. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सख्खी भावंडं रे ती." सापांना त्याचं काही नाही, असं मी म्हणालो. पण पिढ्यान् पिढ्या असंच करत गेलं तर दबलेलं बरंच काही वर येतं हेही खरं, म्हणून अजून तरी आम्ही ते केलेलं नाही.

बाकीची पिल्लं जाणकार घरी गेली. शेवटी दोन साधी उरली होती, त्यांच्या डब्यांना चिठ्ठ्या लावायच्या होत्या. लेकीनं हातानं लिहिल्या. 'दिसायला साधा. हेट एमेल, कारण आई एमेल. हेट चारकोल, कारण बाप चारकोल. अॅनेरी:' इथे ती थांबली. केशर खरंच अॅनेरीची वाहक आहे का, हे आम्ही अजून तपासलेलंच नाही, तिच्या बाबतीत आमच्याकडे त्याच प्रदर्शनातली एक चिठ्ठी आहे, दुसरं काही नाही. '५० टक्के' लिहिलेलं तिनं खोडलं आणि त्यापुढे लिहिलं, 'विचारू नका'.