टक्के राहू द्या, तारीख सांगा

2019 चा जुलै नागपूरकर अजून विसरलेले नाहीत. त्या वर्षी जून कोरडा गेला. देशभर मिळून सरासरीच्या जेमतेम दोन तृतीयांश पाऊस झाला होता. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा संपला आणि पेंचवर जगणाऱ्या शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. नागपूरच्या महाल भागात माझ्या माहेरी आई ड्रम, बादल्या, कळश्या, हाताला लागेल ते भरून ठेवायची आणि रात्री फोनवर विचारायची, "तू तर हेच काम करतेस ना गं, मग सांग बरं, कधी येणार पाऊस?"

हो, मी हेच काम करते. राहते पुण्यात, माझा विषय हवामानाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज. उद्या छत्री घ्यावी का, हे माझ्या कामात येत नाही. दोन आठवड्यांपासून पूर्ण हंगामापर्यंतचा काळ माझा. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं तेव्हा आयुष्यभर प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान बघत बसावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण कामाचं स्वरूप तेच आहे. या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या मुलांना मी आधी गणित आणि संख्याशास्त्र पक्कं करायला सांगते, मग प्रोग्रॅमिंग. आकाशाकडे बघायची हौस असेल तर उत्तमच, पण दिवस जातो तो आकड्यांच्या फाइलींत.

त्या जुलैत नागपूरला एका बैठकीला मला बोलावलं होतं. विषय एकच, पाणी. दिवसाआडची कपात चालू ठेवायची, वाढवायची, की पाऊस येणार म्हणून सैल करायची? सिव्हिल लाइन्समधल्या त्या खोलीत पंधरावीस माणसं होती. बहुतेकांच्या समोर फायली होत्या. मी नकाशे घेऊन गेले होते.

पहिला नकाशा प्रशांत महासागराचा. कमकुवत एल निन्यो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं, जे बहुधा आपला पाऊस कमी करतं, आणि तो ओसरत चालला होता. दुसरा हिंदी महासागराचा. आफ्रिकेच्या बाजूचं पाणी तापत होतं, सुमात्राच्या बाजूचं थंड पडत होतं. याला आम्ही धन द्विध्रुव म्हणतो, आणि तो बहुधा आपल्या मान्सूनला साथ देतो. 1997 मध्ये शतकातला एक अत्यंत जबर एल निन्यो असूनही देशात सरासरीच्या 102 टक्के पाऊस पडला, तेव्हाही हिंदी महासागरात हाच द्विध्रुव होता. मी हे सांगत होते. लोक ऐकत होते, माना हलवत होते.

मग टेबलाच्या टोकाला बसलेले एक वयस्कर अभियंता बोलले. निवृत्तीला आलेले, धरणाचं काम अनेक वर्षं केलेले.

"मॅडम, तुमचं सगळं बरोबर असंन. पण टक्के राहू द्या. देशात शंभर टक्के पाऊस पडला अन् छिंदवाड्यात नाही पडला, तर मी काय करू?"

पेंचला पाणी येतं ते मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडून. मग त्यांनी समोरचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. कापडी पुठ्ठ्याचं, लांब पानांचं. रोज सकाळची पातळी निळ्या शाईत लिहिलेली, दुसऱ्या रकान्यात शहराला सोडलेलं पाणी, तिसऱ्यात बाष्पीभवनानं गेलेलं. खाली शाई संपून पेन्सिल सुरू होत होती. पुढचे दिवस त्यांनी स्वतः मांडले होते, पाऊस शून्य धरून. ऑगस्टमधल्या एका तारखेभोवती पेन्सिलीनं गोल केला होता.

"इथपर्यंत पुरते. या तारखेच्या आत पाणी येऊन राहिलं का नाही, येवढंच सांगा."

माझ्या आजवरच्या नोकरीत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्ही एप्रिलमध्ये देशाचा अंदाज देतो, वर्तमानपत्रं पहिल्या पानावर छापतात, बाजार वर-खाली होतो. त्या वर्षीचा अधिकृत आकडा होता 96 टक्के, म्हणजे 89 सेंटीमीटर या सरासरीच्या 96 टक्के. जून ते सप्टेंबर, काश्मीर ते कन्याकुमारी, सगळं एकत्र करून. पेंचच्या पाणलोटाला या आकड्याचा उपयोग फार थोडा. आणि तिथं तर आणखी एक गुंता होता. वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, चौराईचं धरण झाल्यापासून आधी ते भरतं आणि मग पाणी खाली येतं. म्हणजे तोतलाडोहला पुरेल असा पाऊस हा नुसता पाऊस नव्हे. चौराई भरून उरेल इतका हवा.

तिथं बसलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "मग महिनाभर आधी सांगताच येत नसेल तर एवढे सुपरकॉम्प्युटर कशाला?" प्रश्न रागाचा नव्हता आणि मला तो रास्त वाटला. थोडं थांबून उत्तर दिलं. तेच इथेही देते, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे.

हवामानात एक मूळ मर्यादा आहे. आजच्या स्थितीत केसाएवढा फरक पडला तरी पुढे चित्र पार बदलतं, हे हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झ यांनी 1963 मध्ये दाखवलं. ही मर्यादा साधारण दोन आठवड्यांची. तेव्हापासून महिन्यानंतरच्या एका विशिष्ट दिवसाचा पाऊस सांगू म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. पण 1981 मध्ये हवामानशास्त्रज्ञ चार्नी आणि आपले जगदीश शुक्ल यांनी दुसरी बाजू मांडली. उष्ण कटिबंधात समुद्राचं तापमान, जमिनीतली ओल, बर्फ हे सगळं हवेपेक्षा फार संथ बदलतं आणि हवेला महिनोन्‌महिने एका बाजूला ढकलत राहतं. म्हणून दिवस सांगता येत नसला तरी हंगामाचा कल सांगता येतो. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत कुठल्या मिनिटाला कोण माणूस कुठल्या गल्लीतून येईल हे कोणी सांगू शकणार नाही. गर्दी होणार, हे मात्र महिनाभर आधी सांगता येतं.

या दोन्हींच्या मध्ये दोन ते चार आठवड्यांचा पट्टा आहे आणि माझा सगळा जीव त्यात आहे. मान्सून सलग पडत नाही. तो जोर धरतो, खंड घेतो, पुन्हा येतो, आणि या येण्याजाण्यामागे विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारी एक मोठी लाट असते. मॅडन आणि ज्युलियन यांनी ती 1971 मध्ये ओळखली. तीस ते साठ दिवसांत ती पृथ्वीला फेरी घालते. आठवड्यातून एकदा बुधवारची स्थिती धरून हवामानाचं संगणकी मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात, दर वेळी सुरुवातीत किंचित फरक करून, आणि गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. अशा सोळा धावा. सोळाही एकाच दिशेला गेल्या तर आम्ही ठामपणे बोलतो. पांगल्या तर तेही सांगतो, कारण पांगणं हीसुद्धा माहितीच आहे. तेव्हाच्या पुण्यातल्या प्रत्यूषसारखा सुपरकॉम्प्युटर लागतो तो यासाठी. एकच धाव घ्यायची असती तर इतकं मोठं यंत्र लागलंच नसतं.

मी नव्यानं बसले. देशाचे नकाशे मिटवले आणि लॅपटॉपवर फक्त छिंदवाडा, शिवनी, नागपूर एवढाच तुकडा काढला. मॉडेलची एक चौकट सुमारे 38 किलोमीटरची, त्यामुळे पेंचच्या खोऱ्यात चौकटी थोड्याच येतात. एकेका चौकटीवर बोट ठेवून बोलण्यात अर्थ नव्हता. मी मध्य भारताचा सगळा पट्टा धरला आणि प्रत्येक धावेत बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाचे पट्टे कधी सरकतात ते पाहिलं, कारण पेंचला भरवणारा पाऊस तिकडूनच येतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून बहुतेक धावा ओल्या बाजूला झुकत होत्या. काही मात्र कोरड्या राहत होत्या.

"काकांच्या तारखेआधी मध्य भारतात चांगला पाऊस होण्याकडे कल आहे," मी म्हणाले. "पण चारात एक शक्यता अशी धरा की खंड लांबेल. आणि पाऊस आला तरी चौराई आधी भरेल, म्हणजे तोतलाडोहला पाणी पोचायला आणखी दिवस लागतील. तो हिशोब माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे."

खोलीत कुजबुज झाली. चारात एक म्हणजे काय, येणार की नाही? कोणीतरी मला तीनदा विचारलं की एक शब्दात सांगा. मी सांगितलं नाही. एक शब्दात सांगणं सोपं होतं आणि "येणार" म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण ज्या शहरात पंचवीस लाखांच्या वर माणसं राहतात तिथं चारात एक ही शक्यता दाबून ठेवण्याचा मला अधिकार नाही. मी म्हटलं, तुम्ही मला सांगा, चुकीच्या बाजूला पडलं तर काय होतं? कपात ठेवली आणि पाऊस आला, तर लोक पंधरा दिवस जास्त वैतागतील. कपात उठवली आणि पाऊस लांबला, तर?

अभियंता काकांनी रजिस्टर परत ओढलं आणि पेन्सिलीनं गोलाच्या पुढे आणखी काही दिवस मांडायला घेतले. "लांबला तर टँकर. अन् टँकर आणायचं कुठून, विहिरी तर आटल्या."

कपात लगेच उठवली नाही. ठरलं असं की दर गुरुवारी नवा अंदाज आला की शुक्रवारी हेच लोक बसतील, रजिस्टर आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवून. मला हा निर्णय अजूनही त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटतो. आमच्या क्षेत्रात 1886 पासून, हिमालयातल्या बर्फावरून हवामान खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी मान्सूनचा अंदाज दिला तेव्हापासून, अंदाज अचूक करण्यावर भर आहे आणि तो असायलाच हवा. गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे पालथे घातले, वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं प्रारूप बसवलं, 2002 च्या दुष्काळानं ते प्रारूप बदलायला लावलं. या सगळ्यातून अंदाज सुधारला. पण अंदाज आणि पेन्सिलीतला गोल एका टेबलावर आणायचं काम कुठल्याच मॉडेलमध्ये नसतं. ते माणसांनी बसूनच करावं लागतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जुलैच्या शेवटी पाऊस परतला. ऑगस्टमध्ये देशात 115 टक्के, सप्टेंबरमध्ये 152 टक्के. हंगामाच्या या दुसऱ्या निम्म्यासाठी दिलेला आकडा होता 100 टक्के आणि पडला 130. हंगाम 110 टक्क्यांवर संपला, 1994 नंतरचा सगळ्यात ओला. तोतलाडोह सप्टेंबरात भरलं, दरवाजे उघडावे लागले. अंदाजाचा आकडा खाली राहिला होता आणि त्यामागं हिंदी महासागराचा तो द्विध्रुव किती वाढला, हा एक भाग होता. त्यावर आम्ही पुढे बरंच काम केलं.

काकांचा फोन मात्र ऑक्टोबरच्या शेवटी आला. मान्सूनची माघार त्या वर्षी 9 ऑक्टोबरला सुरू झाली, इतक्या उशिरा कधीच झाली नव्हती, आणि त्यानंतरही पाऊस थांबत नव्हता. त्यांची सावनेरकडे शेती.

"मॅडम, सोयाबीन सोंगून पडलं आहे, कापूस भिजून राहिला. हा कधी थांबते?"

मी म्हटलं, "अरबी समुद्रात चक्रीवादळ आहे, दोन-चार दिवसांचा भरवसा धरू नका. गुरुवारी नवा नकाशा येतो, तो मी पाठवते. पण गंजीवर ताडपत्री आजच टाका."

"टाकतो," ते म्हणाले, आणि लगेच पुढचा प्रश्न, "अन् हरभऱ्याले ओल पुरंल का?"

त्याचं उत्तर मला देता आलं. जमिनीत ओल भरपूर होती, त्या वर्षी रब्बीला ती कमी पडणार नव्हती.